नाकानं निवडलेली वाइन

मी आयुष्यात इतक्या रेड वाइन निवडल्या की मोजदाद नाही, आणि त्यांतली एकही चाखलेली नव्हती. हे सांगितलं की माणसं हसतात. हसू द्या बापडी. वेरूळची लेणी चढून-उतरून पाय भरून आलेले पाहुणे संध्याकाळी आमच्या हॉटेलात यायचे, मी निवडलेली वाइन जेवणाबरोबर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच मागायचे. मला तेवढं पुरे होतं.

महागडी वाइन निवडायला अक्कल लागत नाही. बाटलीवरचं नाव वाचता आलं की झालं. माझं काम उलटं होतं. आमचं हॉटेल मधल्या दर्जाचं आणि पाहुणेही मधलेच. त्यांना परवडेल, आणि तरी तोंड वाकडं करावं लागणार नाही, अशी लाल वाइन जगभरातून शोधायची. बरं, स्वस्त म्हणजे तरी काय? तिकडं चिलीत जी बाटली माणूस भाजीबरोबर पिशवीत टाकून घरी नेतो, ती बंदरावर उतरून, कर भरून, ट्रकमधून आमच्या शहरात येईस्तोवर चांगली साहेबीण होऊन बसते. त्यातून पुन्हा आपल्याकडचा उन्हाळा. गोदामात भाजून निघालेली वाइन उघडली की पाक जास्त झालेल्या मुरंब्याचा वास येतो. मग ती कुठल्याही देशाची असो, टाकून द्यायची.

दरवर्षी पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पुण्याहून विक्रेता नमुन्याच्या बाटल्या घेऊन यायचा. बँक्वेट हॉलच्या एका टेबलावर पांढरी चादर घालून आम्ही ग्लास मांडायचो. मी प्रत्येकात थोडी वाइन ओतायचो, ग्लास गोल फिरवायचो आणि नाक आत घालायचो. अर्जेंटिनाच्या माल्बेकला वाळत घातलेल्या जांभळांचा वास. दक्षिण आफ्रिकेच्या पिनोटाजला विझत आलेल्या चुलीचा. स्पेनची चांगली असली तर नव्या चामड्याच्या चपलेचा. नाशिकच्या शिराजला मिरी आणि जरा कच्ची फांदी मोडल्याचा. इतर लोक हुंगून झाल्यावर घोट तोंडात घ्यायचे, घोळवायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचे. मी ग्लास खाली ठेवायचो आणि पुढचा उचलायचो.

हे नाक मला मेंढरांनी दिलं. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला, डोंगराच्या अंगाला आमची वस्ती. बाप मेंढरं राखायचा. कुठल्या मेंढीला पोटदुखी झाली, कुठल्या कोकराला दुसऱ्याच मेंढीनं चाटलंय, हे आमच्यात वासावरून कळतं, त्यात कौतुक काही नाही. हॉटेलात मी साधा वेटर म्हणून लागलो होतो. एकदा बाटली उघडल्या उघडल्या मी आपला बोलून गेलो की हिला ओल्या घोंगडीचा वास येतोय. तेव्हाचे मॅनेजर, आमचे जुने साहेब, शेजारीच उभे होते. त्यांनी ग्लास हुंगला आणि मला सांगितलं की हाच तो दोष, बुचातून वाइनीत उतरतो, आणि बऱ्याच जणांना तो सापडत नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला हाताशी धरलं. पुढं रेड वाइनची सगळी खरेदी माझ्याकडं दिली. मी चाखणार नाही हे त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. कारण ऐकून ते एवढंच म्हणाले की नाक चालतंय तोवर जिभेला सुट्टी.

कारण बापाचं होतं. मेंढरं राखता राखता तो देशीच्या नादी लागला आणि कळप हळूहळू दुसऱ्यांच्या वाड्यात गेला. रोज संध्याकाळी तो आला की आई दारात उभी राहायची, त्याचं तोंड हुंगायची, आणि वास आला की एक अक्षर न बोलता त्याचं अंथरूण ओट्यावर टाकायची. ताटही तिथंच. भांडण नाही, शिवी नाही. त्याचा आवाज चढायचा, रोज नवं कारण सांगायचा: पाय दुखत होता, कुणीतरी मेलं होतं, बळंच पाजली. आई मान हलवत ऐकायची आणि आत जाऊन कडी लावायची. शेवटी त्याला जलोदर झाला, पोट फुगलं, तेव्हा तिनंच आत चला म्हटलं. तो म्हणाला, राहू दे, सवय झाली. ओट्यावरच गेला.

त्याच्या दिवसांत आईनं मला देवापुढं उभं केलं आणि माझ्या हातावर बेल आणि भंडारा ठेवला. आमच्यात बेलभंडारा उचलला की विषय संपला. थेंबसुद्धा जिभेवर ठेवणार नाही, असं मी म्हणालो. मिसरूडही फुटलं नव्हतं, पण काय बोलतोय ते मला पक्कं कळत होतं.

म्हणून पुढं मी हॉटेलात वाइन निवडायच्या कामाला लागलो तेव्हा घरात काय झालं असेल, विचारू नका. मी तिला परोपरीनं समजावलं की ही दारू नाही, द्राक्षाचा रस मुरवतात, मोठमोठे डॉक्टर घेतात. ती म्हणाली, सडवलेलं ते सडवलेलंच, नाव काय बी ठेवा. मग मी सांगितलं की मी फक्त हुंगतो. यावर तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, शपथ जिभेची हाय, नाकाची नाय. कर.

पण विश्वास वेगळा आणि आईपण वेगळं. मी कामावरून घरी आलो की ती माझे गाल दोन्ही तळव्यांत धरायची, तोंड जवळ ओढायची आणि मग आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी लेकाची दृष्ट काढतेय. लेकरं-बाळं झालेल्या बाप्याची रोज कसली दृष्ट काढायची? ती माझं तोंड हुंगायची. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी कधी तोंड फिरवलं नाही. खरं सांगतो, दिवसभरात तेवढाच एक क्षण असा असायचा की आपण बापासारखे झालो नाही, याची मला कुणीतरी पावती देतंय असं वाटायचं. बोटं मोडल्याचा आवाज ऐकला की मी चप्पल काढून आत जायचो.

आणि मग करोना आला. हॉटेल बंद पडलं, उघडलं, पुन्हा बंद पडलं. मला ताप आला, उतरला, खोकला आला, गेला. वास मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. किती लोकांचा आला. माझा नाही आला.

बायकोला लगेच कळलं. मी चुलीपाशी बसून मोबाइल बघत होतो आणि शेजारी दूध उतू जाऊन करपलं. ती बाहेरून नाक धरून पळत आली, तर मी तसाच बसलेला. तिनं भांडं उतरवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मी तिला सांगितलं, आईला बोलू नको. माझ्या नाकावर आमची भाकर आहे हे आईला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हातारीच्या जिवाला घोर लावण्यात काय अर्थ होता? बायकोनं ते पाळलं.

हॉटेल पुन्हा नीट सुरू झालं तोवर जुने साहेब निवृत्त होऊन गावी गेले होते. मला तेव्हाच नव्या मॅनेजरांना सांगता आलं असतं. नाही सांगितलं. काय सांगणार? की ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही मला ठेवलंय तीच माझ्याकडं उरलेली नाही? मी पहिल्यासारखाच ग्लास फिरवत राहिलो, नाक आत घालत राहिलो. आत काहीच नसायचं. रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मारावी आणि आवाजही परत येऊ नये, तसं. मग मी युक्त्या शिकलो. बुचाची बाटली टाळायची, फिरकीच्या झाकणाची घ्यायची, म्हणजे निदान ओल्या घोंगडीची भीती नाही. आधीची ओळखीची नावं धरून चालायचं. आणि विक्रेता स्वतः हुंगताना त्याच्या भुवयांकडं बघायचं. लोकांची तोंडं वाचून मी वाइन निवडायला लागलो, आणि नशिबानं बरेच दिवस निभावलं.

घरी आई गाल धरायची, बोटं मोडायची. तिच्या हाताला लसणाचा वास असायचा, तो मला आता येत नव्हता. एवढंच नवं होतं.

निभावलं ते एका पार्टीपर्यंत. शेंद्र्याच्या एका कारखान्यात परदेशी पाहुणे आले होते, त्यांचं जेवण आमच्याकडं होतं. मॅनेजरांनी स्पेनची एक वाइन सुचवली होती. बुचाची होती, पण दर चांगला होता, आणि मी नमुना हुंगायचं नाटक करून मान हलवली होती. जेवणाच्या वेळी एका पाहुण्यानं ग्लास नाकाशी नेला आणि हसून खाली ठेवला. शेजारच्यानं उचलला, त्यानंही ठेवला. कुणी तक्रार केली नाही, भल्या माणसांनी नुसतं पाणी मागितलं. त्या मालातल्या बऱ्याच बाटल्यांना दोष निघाला. ओल्या घोंगडीचा. ज्या वासावर मी वर आलो, तोच माझ्या हातून टेबलावर गेला.

मॅनेजरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, मुद्दाम सांगतो. आवाज चढवला नाही. म्हणाले की या हंगामाचे नमुने येतील तेव्हा तुम्ही माझ्यासमोर निवडा, आणि हुंगून नाही, तोंडात घेऊन. तुमच्या शपथेचं मी ऐकलंय, मला आदर आहे, पण मला खात्री हवी. नसेल जमत तर तसं सांगा, तुम्हाला चादरी-टॉवेलांच्या कोठारात बसवतो, पगाराला हात लावत नाही.

पगाराला हात लावत नाही. जणू मी पगारासाठी रडत होतो. अहो, डोंगराच्या अंगाला मेंढरांमागं फिरणाऱ्या पोराला या कामानं जगाचा नकाशा दिला होता. मी कधी विमानात बसलो नाही, पण चिलीतली माती नि स्पेनमधली माती वेगळी हे मला ठाऊक होतं. ते सोडून चादरींच्या घड्या मोजत बसायचं?

मी बरेच दिवस हे मनात घोळवत राहिलो. एकीकडं काम, दुसरीकडं आई. मधेच वाटायचं, खरं सांगून टाकावं. मधेच वाटायचं, नाक गेलं तर गेलं, जीभ तर शाबूत आहे. मिठाचं, तिखटाचं मला कळत होतंच की. इतकी वर्षं जी जीभ बांधून ठेवली ती कोरी करकरीत असेल, कदाचित नाकाचं कामही तीच करेल. बुडणारा माणूस काहीही धरतो. आणि थुंकायचंच तर होतं. पोटात जाणारच नव्हती. शपथ थेंबसुद्धा जिभेवर न ठेवण्याची होती, हे मला आठवत नव्हतं असं नाही.

नमुने आले. दुपार होती. पांढरी चादर, ग्लास, एका बाजूला विक्रेता, दुसऱ्या बाजूला मॅनेजर. मी पहिला ग्लास उचलला. तोंडात घेतली.

आंबट. बस्स. आंबट, मागून तुरट, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी जड होते तशी. मी थुंकलो, दुसरा ग्लास घेतला. आंबट, तुरट. तिसरा. तेच. चिली नाही, अर्जेंटिना नाही, आफ्रिका नाही. जिभेला देश कळत नाहीत. सगळं जग एकाच चिंचेच्या पाण्यात बुडालं होतं, आणि त्यासाठी मी बेलभंडारा मोडला होता. मला त्याच क्षणी तिथून उठावंसं वाटलं. पण दोघं बघत होते. मी पुन्हा पुन्हा घोट घेत राहिलो, जणू कुठल्यातरी घोटात काही लपलेलं असेल. शेवटी त्यातल्या त्यात कमी तुरट होती त्या ग्लासाकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, ही घ्या.

विक्रेत्यानं खाली बघितलं. मॅनेजरांनी मागं ठेवलेली त्या ग्लासाची बाटली पुढं ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "ही त्या पार्टीतलीच आहे. मुद्दाम ठेवली होती."

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. कोठाराची किल्ली मला त्याच दिवशी मिळाली.

निघायच्या आधी मी नळावर चुळा भरल्या. बडीशेप चावली, वर पान खाल्लं. गाडी सुरू करण्याआधी तळहात तोंडापुढं धरला, जोरात फुंकर मारली आणि हुंगलं. काही नाही. पुन्हा मारली. अजिबात वास नव्हता. चला, म्हटलं, काम तर गेलंच, घर तरी वाचलं. आईला सांगायचं की काम बदललं, आता चादरींकडं आहे. उलट खूशच होईल. छावणी ओलांडून पडेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी हे तिला कसं सांगायचं ते जुळवत होतो.

आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. उन्हं अजून डोंगरावर होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले, नेहमीसारखे माझे गाल तळव्यांत धरले आणि तोंड जवळ ओढलं. आणि थांबली. तळवे गालांवर तसेच. तिनं दुसऱ्यांदा श्वास घेतला, सावकाश. मग हात काढून घेतले. बोटं मोडली नाहीत.

तेव्हा मला ती फुंकर आठवली. ज्याला वास येत नाही तो शहाणा स्वतःचं तोंड हुंगून निर्धास्त झाला होता.

मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. करोनापासून वास येत नाही, कुणाला सांगितलं नाही, काम जाईल म्हणून भीत होतो, नव्या साहेबांनी समोर बसवलं, तोंडात घेतली आणि थुंकली, पोटात थेंब गेला नाही, आणि इतकं करून काम गेलंच. बोलता बोलता माझा आवाज चढला. आई मान हलवत ऐकत होती. ती मान मी ओळखत होतो. लहानपणी दाराआडून रोज बघितलेली.

बायको पिठाच्या हातांनी दारात आली. "आत्याबाई, खरं बोलू राह्यले ते. दूध करपलं तरी त्यांना कळत नाय. मला पहिल्यापासून ठावं हाय."

आईनं तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही, तिच्याकडं. जवळ गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी बी लोकायला असंच सांगायची, बाई," ती म्हणाली. "त्यांची तब्येत बरी नाय म्हून."

  आई आत गेली आणि माझं अंथरूण घेऊन आली. वर बापाची घोंगडी होती. ओट्याच्या त्याच कोपऱ्यात तिनं अंथरूण टाकलं, घोंगडीची घडी पायाशी ठेवली. अजून चांगला उजेड होता. रस्त्यानं ओळखीची माणसं येत-जात होती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

"ताट हितंच आणून देते," म्हणाली, आणि लसणाची परडी उचलून आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

मी अंथरुणावर बसलो. घोंगडी ओढून नाकाशी धरली आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला. काही नाही. आतून फोडणी पडल्याचा आवाज आला. लसणाचा वास सुटला असणार.